प्रश्नातलेच शब्द

मोहने,
१२ जानेवारी २०२५

चि. साईनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुरुंगात थंडी फार वाजते, असं तुझी शिवानी तुला भेटून आल्यावर म्हणाली. तिच्याबरोबर माझा स्वेटर पाठवलाय. जुना आहे, पण ऊब चांगली देतो. माझे गुडघे कुरकुरत असतात, बाकी बरा आहे.

तुझ्या आईच्या तेराव्याला गेलो होतो. मागेच बसलो.

दोन वर्षं मी तुमची गल्ली टाळत होतो. जाण्याच्या आठवडाभर आधी तुझ्या आईने, हौसाबाईंनी, मला बोलावून घेतलं. चहा दिला आणि म्हणाल्या, "गुरुजी, त्या दिवशी तुम्ही काय काय बघितलंत?"

साईनाथ, असं मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं रे. शहाडच्या पुलाजवळ तुझ्या रिक्षाच्या धक्क्याने बाबुराव गेले, तेव्हा चौकीत मला विचारलं, "रिक्षा केवढ्या वेगाने येऊन आदळली?" मी म्हणालो, "रिक्षा फार वेगाने येऊन आदळली." "फुटलेल्या काचा कुठवर उडाल्या?" "फुटलेल्या काचा पानटपरीपर्यंत उडाल्या." तीस वर्षं वर्गात हेच सांगत आलो ना मी? उत्तर पूर्ण वाक्यात द्या, प्रश्नातलेच शब्द घ्या. घरी पोचेपर्यंत त्या काचा मला दिसायला लागल्या होत्या. कोर्टात मी मुद्दाम खोटं बोललो नाही. मला त्या खरंच दिसत होत्या.

हौसाबाईंना काहीबाही सांगून उठलो. बाहेर तुझी रिक्षा उभी होती. पुढच्या काचेवर 'हौसाई'. नवी रिक्षा आणलीस तेव्हा मीच रंगवलेली अक्षरं. काचेला साधा ओरखडा नव्हता. मी अक्षरांवरून बोट फिरवलं. काच तीच होती.

मी आवाज ऐकून वळलो होतो. बाबुराव पडलेले, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तू मदतीसाठी ओरडत होतास. मी पाहिलं ते एवढंच. वेग मी पाहिलाच नाही.

हे आईंना सांगायचा धीर होईपर्यंत त्या गेल्या. तू द्यायचा तो अग्नी तुझ्या चुलतभावाने, प्रशांतने दिला. ते मला कशानेच भरून देता येणार नाही.

उद्या वकील नीरजाताईंबरोबर कोर्टात जाऊन सगळं लिहून देतोय. तुझ्या अपिलाला उपयोग होईल म्हणतात. माझं काय व्हायचं ते होवो.

उत्तर लिहावंसं वाटलं तर लिही. शिव्या दे हवं तर. फक्त माझा एकही शब्द घेऊ नकोस.

ज्याला तू अजून गुरुजी म्हणतोस, तो
सुधीर