शिवराजच्या वाट्याचे खडे

लिहून ठेवणार: मी, दैवशाला महारुद्र घोडके, वय ६८, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव.

माणूस केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि तो गेल्यावर घरातले काय काय बोलतील याचा तर मुळीच नाही. म्हणून हे मृत्युपत्र मी अक्कलहुशारीने व राजीखुशीने, कुणाच्या धाकाशिवाय, माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते जरा दाबून लिहावे लागते, कारण माझा मुलगा शिवराज आईला भ्रम झालाय असे गावभर सांगत फिरतो. तसा दाखला मिळावा म्हणून तो मला धाराशिवला डॉक्टरांकडेही घेऊन गेला. डॉक्टरांनी मला एकोणतीसचा पाढा विचारला. मी म्हटला. मग त्यांनी सहज शिवराजला विचारले, "एकोणतीस साते?" तर त्याने खिशातून मोबाइल काढला. दाखला मिळाला, पण मी शहाणी असल्याचा. तो सोबत जोडला आहे.

माझे यजमान महारुद्र एसटीत चालक होते. ते गेल्या वर्षी चैत्रात वारले. आम्हाला अपत्ये दोन. थोरली सोनाली, धाराशिवला परिचारिका आहे. धाकटा शिवराज. तो आणि त्याची बायको करिश्मा माझ्याच घरात राहतात, आणि हायवेच्या बाजूच्या खोलीत "शिवऊर्जा स्फटिक केंद्र" या नावाने रंगीबेरंगी खडे विकतात. कुठल्या खड्याने झोप लागते, कुठल्याने कोर्टातली केस सुटते. तुळजापूरला जाणाऱ्या गाड्या थांबतात, लोक घेतात. माझे माहेर सास्तूरचे. भूकंपात माझी आई दगडांखालून काढली. दगड माणसाला बरे करतात यावर माझा विश्वास बसणे अवघडच होते, पण मुलगा हाताला काम करतोय म्हणून मी गप्प बसले.

कलम १. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द. यजमान हयात असताना मी एक मृत्युपत्र लिहिले होते. त्यात सगळे शिवराजला दिले होते. ते नोंदवलेले नव्हते. ते मी आज दुपारी माझ्या घराच्या गच्चीवर, रद्द करण्याच्या हेतूने, दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष जाळले. काडी लावली नाही. शिवराजच्या दुकानातला नारळाएवढा स्फटिकाचा गोळा उन्हात धरला आणि त्याच्याखाली कागद ठेवला. आधी पिवळा ठिपका पडला, मग धूर, मग जाळ. साक्षीदार लिंबाजी गुरुजी माझे शाळेतले जुने सहकारी. ते म्हणाले, "बाई, ह्ये तर आपून पाचवीला भिंग घेऊन शिकवायचो की." होय, शिकवायचो. शिवराज पाचवीत माझ्याच वर्गात होता. तेव्हाही त्याचे लक्ष खिडकीबाहेर असायचे.

कागद असा का जाळला, ते लिहून ठेवणे भाग आहे.

गेल्या चैत्रात, भर दुपारी, आमच्या मागच्या अंगणातली कडब्याची गंजी पेटली. त्या वेळी पुढच्या खोलीत शिवराज आणि करिश्मा बायकांची एक कार्यशाळा घेत होते. फळ्यावर विषय लिहिला होता: "स्फटिकांचे घरच्या घरी सुरक्षित शुद्धीकरण व चार्जिंग." सुरक्षित हा शब्द मी स्वतः वाचला आहे. ऱ्हस्वदीर्घ बरोबर होते, तेवढेच काय ते बरोबर.

गंजीला लागून गोठा. गोठ्यात आमची देवणी गाय बांधलेली. यजमान ओसरीवरून उठले आणि थेट आत शिरले. गाय सुटली, ती अजून आहे. ह्यांच्या अंगावर मात्र गोठ्याचे छप्पर आले. सोलापूरच्या दवाखान्यात नेले. सोनाली रजा टाकून उशाशी बसून होती.

मी अंगणातल्या चुलीवर अंघोळीचे पाणी तापवते. त्या दिवशीही तापवले होते आणि रोजच्यासारखे निखाऱ्यांवर पाणी ओतले होते. शिवराजने मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितले, "आईकडनं चूल तशीच ऱ्हायली." माझे दीर बब्रुवान यांनी भावकीत बसून त्यावर कळस चढवला: "आज गोठा जाळला, उद्या ही म्हातारी गाव जाळंल." इतक्या जणांनी सांगितल्यावर मलाच वाटू लागले की राहिली असेल. ही गोष्ट शिवराजने दवाखान्यात बापाच्या कानावरही घातली.

ह्यांनी मला जवळ बोलावले. हे मला लग्नापासून बाईच म्हणायचे, शाळेतल्या पोरांसारखे. म्हणाले, "बाई, लई मनाला लावून घिऊ नगं. मानसाकडनं व्हतंय. म्या तुला माफ केलं बघ."

मी बरं म्हणाले. त्यानंतर ते बोलले नाहीत.

पुढे पावसाळा सरला. एकदा करिश्माने दुकानाचे खडे माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर पसरले म्हणून मी तिला बोलले. ती तावातावाने म्हणाली, "आत्या, शिमिटावर ठिवलं की खड्याची शक्ती उतरती. वाळलेल्या गवतावर ठिवावं लागतंय. गोळा तर कडब्यावरच ठिवला व्हता आमी!"

मी विचारले, "कुठला गोळा? कवा?"

तिने खडे भराभर पदरात गोळा केले आणि ती दुकानात निघून गेली. मला सगळे कळले.

गोळा शोधायला लांब जावे लागले नाही. दुकानाच्या काचेच्या कपाटातच होता, विकायला ठेवलेला. मी शिवराजला समोर बसवून विचारले. त्याने नाकारले नाही. म्हणाला, "आगं आई, तो शुद्ध केलाय. मिठाच्या पाण्यात रातभर ठिवला व्हता. त्याच्यात आता कायबी ऱ्हायलं न्हाय." बापाचा जीव घेतलेली वस्तू त्याने मिठाच्या पाण्यात बुडवली, पुसली आणि वर किमतीची चिठ्ठी लावली. मी म्हणाले, गावाला खरे सांग. तो म्हणाला, "दुकान बसंल की आई. तुला कोन काय म्हनतंय? म्हाताऱ्या मानसाला समदं माफ असतंय." मी हट्ट सोडला नाही, तेव्हापासून मला भ्रम झाला आहे.

मला याचा संताप आहे. तो कमी झालेला नाही आणि मी मेल्यावरही तो कमी होऊ नये अशी या लेखाने तजवीज करत आहे.

कलम २. घर. जळकोट येथील राहते घर माझ्या पगारातून बांधलेले, माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ते अंगण व मागील मोकळ्या जागेसह माझी मुलगी सोनाली हिला देते. पुढची खोली तिने पंक्चर काढणाऱ्याला भाड्याने द्यावी. त्याच्याकडे माणूस चाक घेऊन येतो आणि चाक दुरुस्त होऊन जातो, त्यात कुणाची फसवणूक नाही. केंद्राचा फलक उलटा करून नव्या गोठ्याच्या दाराला ठोकावा. पत्रा चांगला जाड आहे.

कलम ३. माझ्या नावचे शेत, बँकेतली शिल्लक आणि माझ्या पाटल्या सोनालीलाच. गाय माझा भाऊ धनाजी याला. तिला बाजार दाखवायचा नाही. तिच्यासाठी ह्यांनी जीव दिला आहे.

कलम ४. बब्रुवान भावजी यांना एक काडेपेटी. गाव जळायची त्यांना फार काळजी, तेव्हा ती त्यांच्याच ताब्यात राहू द्यावी.

कलम ५. करिश्मा. हिला काहीच द्यायचे नाही असे ठरवले होते. मग विचार केला की चुकून का होईना, या घरात खरे तिच्याच तोंडून निघाले. म्हणून माझे शिलाई मशीन तिला. शिवण तिला चांगले येते. ते सोडून ती खडे चार्ज करत बसली हे तिचे दुर्दैव, आणि नवरा हे दुसरे.

कलम ६. शिवराज. घर, शेत, पैसा यांपैकी कशावरही याचा हक्क राहणार नाही. भावकीत याने मला तांदळातल्या खड्यासारखे बाजूला काढले, तेव्हा याच्या वाट्याला खडेच येणे न्याय्य आहे. दुकानातले सगळे खडे त्याचेच आहेत, ते त्याने न्यावेत. सोबत एक पोते खडेमीठ माझ्यातर्फे. त्याने लोकांना शुद्धीकरण शिकवले, पण स्वतः एक पुस्तक धड वाचले नाही. त्याच्या माघारी मी त्याची पुस्तके चाळली आहेत. म्हणून आई या नात्याने नव्हे, शिक्षिका या नात्याने शेवटचा धडा देते. शांतपणे वाच, शिवराज.

पांढऱ्या कांड्या, ज्यांना तू सेलेनाइट म्हणतोस, त्या पाण्यात घालू नकोस. त्या झिजतात, खरबरीत होतात. मागच्या वर्षी तू त्या रात्रभर भिजवल्यास आणि माझ्यावर ओरडलास की कुणी घासल्या. कुणी घासल्या नव्हत्या. त्या कोरड्या फडक्याने पुसायच्या असतात. सोन्यासारखा चमकणारा दगड मिठाच्या पाण्यात गंजतो. जांभळे खडे रोज उन्हात ठेवलेस तर फिके पडतात, मग गिऱ्हाइकाला ऊर्जा संपली म्हणून नवीन घ्यायला सांगतोस. त्यांना सावली पुरते, किंवा चांदणे. हिरवा मॅलेकाइट पिण्याच्या पाण्यात टाकून ते पाणी कुणालाही देऊ नकोस. त्यात तांबे असते, पोटात विष जाते. आणि कुणालाही गोळ्या बंद करून खडा उशाशी ठेवायला सांगू नकोस. खडा हातात धरून कुणाला बरे वाटत असेल तर वाटू दे, त्याला माझी हरकत नाही.

गोळा मात्र कधीही, कुठेही उन्हात ठेवू नये. खिडकीतसुद्धा नाही. जाड काळ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवावा. कापड मी शिवून ठेवले आहे. गोळा विकायचा नाही, फोडायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. तो तुझ्याजवळच राहिला पाहिजे. चांगला जप.

तुला माझ्या नावाने खडे फोडावेसे वाटतील. भरपूर आहेत, फोड.

कलम ७. अंत्यविधी. मला अग्नी सोनालीने द्यावा. शिवराजने देऊ नये. त्याच्या हातची एक आग या घराला पुरे झाली.

दहाव्याला मात्र त्याने आलेच पाहिजे. पिंड त्यानेच ठेवावा. पिंड ठेवल्यावर सगळी भावकी आणि गाव ऐकेल अशा आवाजात त्याने म्हणायचे: "आग माझ्या गोळ्यानं लागली. आईची चूल इझलेली व्हती. म्या बापाला खोटं सांगितलं." एवढीच तीन वाक्ये. पाठ करायला अवघड नाहीत. ती म्हटल्याशिवाय माझ्या पिंडाला कावळा शिवणार नाही. उशीर झाला म्हणून दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवायचा नाही. कुणी वडीलधाऱ्याने पुढे होऊन शिवराजच्या वतीने बोलायचे नाही. जेवणाची पाने कावळा शिवल्यावरच मांडायची. भावकीला भूक लागली की ती शिवराजशी काय बोलते, ते मला माहीत आहे.

हे मी धनाजीला वाचून दाखवले. तो या मृत्युपत्राचा व्यवस्थापक आहे. तो म्हणाला, "आक्का, कावळ्याला काय कळतंय गं आपलं भांडान?" मी म्हणाले, "कावळ्याला न्हाय कळलं तर न्हाय. गावाला कळतंय."

हा हट्ट कशासाठी, तेही लिहिते. हे जाताना मला माफ करून गेले. मी न केलेल्या गोष्टीची माफी मी बरं म्हणून घेतली, आणि ती घेऊनच जगते आहे. ज्याची ती माफी होती, त्याने ती मागितलीच नाही. ह्यांच्यासमोर मी ती तशीच घेऊन उभी राहणार नाही. आधी ती ज्याची त्याला जाऊ द्या.

शिवराज तोंड उघडायच्या आत एखादा कावळा उतावीळपणे पिंडाजवळ आला, तर त्याला हाकलावे. ते काम धनाजीकडे दिले आहे. त्याचा गोफणीचा नेम चांगला आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला व मला तो मान्य आहे.

ठिकाण: जळकोट
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: दैवशाला महारुद्र घोडके

साक्षीदार:

१. लिंबाजी ज्ञानोबा सगर, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, जळकोट. बाईंनी माझ्यासमोर सही केली. जुना कागद गोळ्याने जळताना मी पाहिला. त्यांचे डोके माझ्यापेक्षा चांगले चालते.

२. शंभू विश्वनाथ स्वामी, सेवानिवृत्त पोस्टमास्तर, जळकोट. वरीलप्रमाणेच. दहाव्याला मी जेवून येणार आहे.