वसतिगृहाची खिडकी प्रत्यक्ष पाहू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
विद्यापीठ संकेतस्थळ दृश्यरचना स्पर्धा कक्ष,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : स्पर्धेतील एका विद्यापीठाच्या आवारात बाप या नात्याने जाऊ देण्याबाबत.
संदर्भ : परीक्षकांसाठीच्या अटी, अट क्रमांक पाच.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या स्पर्धेचा परीक्षक असून पोटापाण्यासाठी पुस्तकांची मुखपृष्ठे करतो. मजकूर वाचायचा नाही, फक्त रंगसंगती, अक्षरे, छायाचित्रे आणि मोकळी जागा पाहून गुण द्यायचे, ही आपली सूचना मी तंतोतंत पाळली. प्रवेशाची अखेरची तारीख कोणत्या राखाडी रंगात छापली आहे हे मी सांगू शकतो. तारीख सांगू शकत नाही.

२. मी गुण देत असताना माझी मुलगी खुर्चीमागे उभी राहत असे. एका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वसतिगृहातील खोलीचे छायाचित्र होते. पिवळा पडदा, डावीकडे खिडकी, टेबलावर तिरपा उजेड. मी दहापैकी नऊ गुण दिले आणि वर "वा" म्हणालो. त्या एका "वा"वर मुलीने तिथेच प्रवेश घेतला. येत्या सोमवारी तिला तिथे राहायला जायचे आहे.

३. गुणपत्रके सादर केल्यावर दुसऱ्या एका विद्यापीठाचे संकेतस्थळ सहज पुन्हा चाळले. तीच खोली, तोच पडदा, तोच उजेड. फक्त खिडकी उजवीकडे. एकच चित्र दोघांनी कुठून तरी विकत आणले आणि एकाने ते उलटवले, इतकाच याचा अर्थ. या दुसऱ्याला मी सात गुण दिले आहेत, ते का हे आता मलाही सांगता येत नाही. पण महोदय, गुण गेले खड्ड्यात (क्षमस्व). माझी मुलगी झोपणार ती खोली आहे कशी? तिला खिडकी तरी आहे का?

तेव्हापासून मला चैन नाही. जेवता जेवता उठतो आणि ते चित्र मोठे करून भिंतीला ओल दिसते का ते पाहतो. रंगीत ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. पत्नी एरवी टोमणे मारत नाही, पण घरात परीक्षक असून पोर चित्राला भुलली, असे ती कालपासून दोनदा म्हणाली. तिचा पाय प्लास्टरमध्ये असल्याने ती स्वतः जाऊ शकत नाही.

४. अट पाचप्रमाणे निकाल लागेपर्यंत परीक्षकाने स्पर्धक विद्यापीठाशी संपर्क साधू नये, आवारात पाऊल ठेवू नये. निकाल आपण दोनदा पुढे ढकलला. बाप म्हणून जायला हरकत नाही, परीक्षक म्हणून आहे, असे आपल्या लिपिकांनी फोनवर समजावले. दोघे एकाच अंगात राहतात असे सांगितल्यावर त्यांनी लेखी अर्ज करायला सांगितले. सबब, मला डोळ्यांवर पट्टी बांधून आत सोडावे, मी खिडकी हाताने चाचपून पाहीन. ते नियमात बसत नसल्यास आपण स्वतः जाऊन पाहावे. तेही जमत नसल्यास माझे सर्व गुण रद्द करून मला आजपर्यंत काहीच दिसले नाही असे जाहीर करावे.

५. इथवर लिहिले असता पलीकडे बॅग भरणारी मुलगी उशीचा अभ्रा हातात धरून दारात आली. इतके दिवस ती एकटीच जाणार म्हणून आम्हाला ठणकावत होती. ती म्हणाली, "बाबा, खोली कशीही असू दे. तुम्ही सोडायला याल ना?"

तिचा असा आवाज मी फार वर्षांनी ऐकला. मी हो म्हणालो आणि म्हणून झाल्यावर आपल्या परवानगीची आठवण झाली.

सबब वरील सर्व विनंत्या मागे घेत आहे. सोमवारी मी तिची गादी खांद्यावर घेऊन त्या फाटकातून आत जाणार आहे. अट मोडल्याबद्दल जी कारवाई करायची ती कृपया मंगळवारपासून करावी. सोमवारी मी कुणालाच भेटणार नाही.

आपला नम्र, पण घाईत असलेला,
(सही)
एका मुलीचा बाप

शनिवार, सकाळ

सोबत : परीक्षकाचे ओळखपत्र, फितीसह.