बसऱ्यात नवं खाल्लं

बसरा, आश्विन, सन १९१७

सौंदडच्या माझ्या मायले दुधरामचा पाया पडून नमस्कार.

जहाजातून नदीकाठी उतरलो, पण कामावर नेलं तिथं वाटलं, देव या मुलखावर पाणी ओताले विसरला. जिकडं पाहावं तिकडं रेती. ना पाण्याची बोडी, ना धानाची बांधी. आम्हाले रेल्वेचे रूळ टाकाले आणलं, पण पहिल्याच दिवशी उन्हानं आडवा झालो. मुकादमानं मले एका घराच्या सावलीत टाकलं. तिथल्या अरब म्हातारीनं पाणी आणलं. परधर्माच्या हातचं पाणी, मी तोंड फिरवलं. ती काहीतरी बोलली, शिव्याच असतील, अन् आत गेली.

मग वास आला, माय. भाताचा! आपल्या चिन्नोरासारखा, नव्या तांदळाचा. आपल्या घरी नवं खाताना पहिला घास तूच सगळ्यांच्या तोंडात देतेस. म्हातारीनं थाळी आणली. माझा हात उठत नव्हता, तर तिनंच घास करून माझ्या तोंडात घातला. मी खाल्ला. तिच्या हातचं पाणीही प्यालो. म्हणून आज जिता आहो.

हे पत्र टपालात टाकत नाही. भैयाजी गुरुजी ओट्यावर बसून तुले वाचून दाखवतील, सारा गाव ऐकेल अन् तुझंच पाणी बंद करेल. त्यांच्याकडं नुसती खुशाली धाडतो. हे पत्र घरी आलो की मीच तुले चुलीजवळ वाचून दाखवीन.

ऐकल्यावर मले घास द्यायचा का नाही, ते तू ठरव. पण त्या म्हातारीले नावं नको ठेवू, माय. ती तुझंच काम करून राहिली होती.

तुझा,
दुधराम