सदतीस होलची रिम

३ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. खोटं एक अक्षर लिहायचं नाही.

सायकलच्या पुढच्या चाकाची रिम वाकली. चूक माझी नाही. सोसायटीच्या फाटकाचा खांब कोणीतरी पुढे सरकवलाय.

२२ तारखेला, रविवारी, लेकीबरोबर धरणापर्यंत सायकलने जायचंय. २४ ला ती नोकरीसाठी परदेशी निघते, दोन वर्षं. तिनेच विचारलं, बाबा, जाण्याआधी एकदा आपण दोघं? ती लहान असताना पुढे मी असायचो, मागे ती. तिची आई वेगळी झाली तेव्हा घरातलं निम्मं सामान गेलं. ही सायकल राहिली. रिम काय, दोन दिवसांचं काम.

५ मार्च, गुरुवार
सायकलवाल्याकडे गेलो. म्हणतो, तुमचं चाक जुनं, सत्तावीस इंची. आता सगळं सातशेच्या मापाचं येतं, ही रिम मिळणं कठीण. सातशेचं अख्खं चाक टाकू, ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली घेऊ, तासाभराचं काम.

तीस वर्षं इमानदारीने चाललेल्या सायकलवर मी चार मिलिमीटरचा अन्याय होऊ देणार नाही. तोंडावर सांगून आलो.

८ मार्च, रविवार
स्वतः अभ्यास केला. स्पोक जितके, रिमला होल तितकीच लागतात. बाजारात बत्तीस, अठ्ठावीस, चोवीस. माझ्या रिमला सदतीस! चार वेळा मोजली. सायकल साधीसुधी नाही हे मला पहिल्यापासून वाटत होतं. परदेशात जुने पार्ट विकणाऱ्या एकाला मेल टाकला.

१० मार्च, मंगळवार
त्याचं उत्तर. सदतीस होलची रिम आजवर पाहिली नाही, पुन्हा मोजा. अर्धवट ज्ञान! दीड पानात सुनावलं.

११ मार्च, बुधवार
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, त्या दिवसापुरती दुसरी कुठली तरी सायकल घे ना. म्हटलं, बापाने उसन्या सायकलवर यायचं? तर म्हणे, आई म्हणते, त्यांना सायकल नीट करायची नाहीये, स्वतःचं खरं करायचंय. आईला त्यातलं काय कळतं? लेकीने बरं म्हणून फोन ठेवला. म्हणजे पटलं.

१४ मार्च, शनिवार
रिम काखेत मारून सायकलवाल्याकडे. सदतीस मोजून दाखवली. त्याने शांतपणे एका होलवर बोट ठेवलं. हे स्पोकचं नाही, ट्यूबच्या व्हॉल्व्हचं. छत्तीस.

एक गिऱ्हाईक उगाच हसलं. माझी मोजणी चुकली नव्हती. होल ते होल.

निघालो तर मागून हाक, साहेब, तुमची मुलगी परवा इथे येऊन... थांबलो नाही. चाक खपवायला आता लेकीलाही मध्ये घेतलंय.

घरी येऊन त्या परदेशातल्या पार्टवाल्याकडूनच छत्तीसची रिम मागवली. माफी नाही मागितली, टायपिंगची चूक म्हणून कळवलं. २० ला पोचेल.

१९ मार्च, गुरुवार
रिम कस्टममध्ये अडकली.
लेकीचा मेसेज : बाबा, दुकानात एकदा जाऊन ये, काका दाखवतील. काय दाखवतील ते मला ठाऊक आहे. सातशेचं चाक. गेलो नाही.

२१ मार्च, शनिवार
रिम नाही. लेकीला फोन करून म्हटलं, पुढे ढकलू. पुढे म्हणजे कधी, बाबा? म्हटलं, दोन वर्षांनी आलीस की सायकल कशी टकाटक असेल बघ.

ती म्हणाली, उद्या सहाला मी दुकानापाशी थांबते, तू नुसता चालत ये. चालत येऊन करू काय?

२२ मार्च, रविवार
पाचलाच जाग आली. बूटही घातले. पण रिकाम्या हातांनी तिच्यापुढे उभा कसा राहणार? गेलो नाही. तिचे तीन फोन आले. उचलले नाहीत. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. सगळा कस्टमचा दोष.

२४ मार्च, मंगळवार
गेली. एअरपोर्टवर तिची आई असणार म्हणून मी गेलो नाही. फोनवर नीट बोलली, तब्येत सांभाळ म्हणाली. रविवारचा विषयच काढला नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२७ मार्च, शुक्रवार
रिम आली! सत्तावीस इंची, छत्तीस होल. शेवटी मीच बरोबर होतो.

चाक बांधायला दुकानात गेलो. रिम टेबलावर आपटली. सायकलवाल्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. आतून एक सायकल आणून समोर उभी केली. म्हणाला, तुमच्या मुलीने बारा तारखेला आणून ठेवली, मैत्रिणीच्या वडिलांकडून मागून. तुमच्यासाठी. रविवारी साडेसातपर्यंत हिच्याजवळ उभी होती. मग आपल्या सायकलवर एकटीच गेली.

चाकं पाहिली. सातशेची. होल मोजली, व्हॉल्व्हचं सोडून. बत्तीस.

मग बसून पाहिलं. सीट बरोबर माझ्या उंचीला लावलेली होती.