दारापाशीच बंद पडली

९ एप्रिल

न्हाई, रडलो बिडलो न्हाई म्या! डोळ्यात धूळ गेली. त्या मालिकेत धूळच लई.

नातीनं, शेफालीनं, टीव्हीवर लावून दिली. अमेरिकेतल्या घोडेवाल्यांची, पण हिंदीत बोलत्यात. आपल्या मालिकांत बाई झोपेतनं उठली तरी अंगावर दागिने. हितं माणसं घामेजलेली, नखात माती, बूट फाटका. कोण मरतंय तरी बाजा वाजत न्हाई. आवडलं.

दोन भाऊ. थोरला गुपचूप कुंपणाचे खुंट धाकट्याच्या रानात सरकवतो — रोज थोडं थोडं. मग त्याच्याच संगं जेवायला बसतो. पाव मोडता मोडता हात थांबतो त्याचा. बास, एवढंच दावलं. 

म्या म्होरलं ताट सारलं.

११ एप्रिल

सकाळधरनं तीन भाग. आमची कारभारीण साळू म्हणली, "घोडेस्वार, खाली उतरा. भाकरी गार झाली."

१४ एप्रिल

संपली. संपली कसली, बंद पाडली!

थोरला धाकट्याच्या दारात येतो. टोपी काढतो, दार वाजवतो. आतनं कडी हलते — आन सगळं काळं!

"शेफाली, फुडचा भाग लाव."

"न्हाई आबा. बघणारे कमी पडले, म्हणून कंपनीनं बंद केली."

"मग दार उघडलं का न्हाई?"

"कुणालाच म्हाईत न्हाई. शेजारचे गेनबा आजोबा बी हेच इचारत हुते. त्यांनी तर दोनदा बघितली."

गेनबा. माझा धाकटा भाऊ. बांधाला बांध, आन सात वरसं बोलणं न्हाई. ह्या मालिकेवर बोलावं असा गावात एकच माणूस, आन तो हा!

१५ एप्रिल

लिवतोच. कोण वाचतंय.

बांध म्याच कोरला. दरसाल नांगरटीला नांगराची एक रेघ त्याच्या रानात जास्त. शेवटी हद्दीचा दगड बी सारला. त्यानं इचारलं, तवा सगळ्या भावकीसमोर मीच वरडलो — "थोरल्या भावाला चोर म्हणतोस?" तो मान खाली घालून गेला. मान माझी खाली जायला पायजे हुती.

आता त्यानं सरकारी मोजणी मागितलीय. परवा भोरच्या कचेरीतला माणूस येणार. चारचौघात उघडा पडणार मी.

१६ एप्रिल

साळूला सांगितलं. वाटलं, भांडंल.

"मला ठावं हाय," म्हणली. "नांगर तुमी धरायचा, भाकरी मी घिऊन यायची. डोळं हुते मला."

सात वरसं हिनं मला वाढलं. कसं वाढलं असंल!

१७ एप्रिल

मोजणीवाला आलाच न्हाई. गेनबा काल एसटीनं भोरला जाऊन अर्ज मागं घिऊन आला. शेफालीनं त्याला इचारलं, का वो आजोबा? तर म्हणला, "परक्या माणसानं दादाची चूक लोकांदेखत दावायला नगं."

सुटलो असं वाटाया पायजे. उलट जमिनीत गाडून घ्यावं वाटतंय. तो वरडला असता तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल

उजाडताच पहार घेतली. दगड उपटला, जुन्या जागी रवला. साळूनं माती दाबली.

तसाच मातीच्या हातानं गेनबाच्या दारात गेलो. टोपी काढली. दार वाजवलं.

"कोण हाय?"

"मी. चिमाजी."

कडी हलली.

फुडचं लिवणार न्हाई. बास.