हव म्हणाली अन् यमुना मेली

रवि. ४ फेब्रु.
शुभदा उठून गेली. चहा अर्धा टाकून. दीड वर्षाचा आमचा गोष्टीचा खेळ, मी गोष्ट सांगते, बाकीचे त्यात पात्रं होऊन खेळतात, अन् असं उठून जाते कोणी?

झालं एवढंच. वाफेवर उडणारं आमचं जहाज ढगात अडकलेलं, बॉयलरात कोंडलेलं भूत खवळलेलं, दाबाचा काटा लाल रेघेवर. शुभदाचं पात्र यमुना, जहाजाची मिस्त्रीण. मी विचारलं, "मोठा वॉल्व्ह खोलते का?" म्हणाली, "हव." फासा टाकला. एक आला, सगळ्यात वाईट. वाफ अंगावर आली, यमुना मेली. कायदा आहे खेळाचा, मी काय करू?

तं म्हणते, "मी कुठं खोलला? मी तं आयकून राहिली होती. हव म्हणजे हूं!"

व्वा गं! अख्ख्या रायपुरात हव म्हणजे हो, अन् हिच्याच तोंडात हूं! चोराच्या उलट्या बोंबा.

आमचा पिंट्या, सख्खा भाऊ, तो म्हणे, "दीदी, हव तो मैं भी सुना. लेकिन मतलब..." मतलब काय बे? आम्ही तिघंच खेळणारे, त्यात हा फितूर.

सोम. ५
ऑफिसात दिवसभर डोकं तापलेलं. घरी आली तं खेळवाल्यांच्या ग्रुपवर नागपूरच्या एकाचा प्रश्न, वाफेच्या दुनियेचा खेळ कसा चालवू? लिहिलं रागातच: यंत्र फुकट देऊ नको. त्याले कोळसा लागला पाहिजे, ते तापलं पाहिजे, कधीतरी फुटलं पाहिजे. नाही तं नुसता पितळेचा दागिना. विलायती धुकं अन् उंच टोप्या उसन्या आणू नको. आमच्या भनपुरीत ये, उसना म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमधला बॉयलर पाहा. अन् कोणाचं पात्र मेलं तं विरघळू नको.

त्याचं उत्तर: "मारायच्या आधी एकदा 'पक्कं का?' विचारता ना, ताई?"

दीडशहाणा. मले शिकवून राहिला.

गुरु. ८
बूढ़ापाऱ्यात शुभदा दिसली, स्कूटीवर. मले पाहून न पाहिल्यासारखं करून गेली. जा!

पण ती नाही तं खेळ नाही. पिंट्या एकटा काय करन, तोफा उडवत बसन. अन् खेळाचं एक सोडा. या गावात माझ्याशी तोंडभर मराठी बोलणारी ती एकच आहे. बाकीच्यांले समजते सगळं, उत्तर मात्र हिंदीत. तिच्याशिवाय करमत नाही, हे तिले सांगणार नाही मी.

शनि. १०
हद्द झाली. आई म्हणे, उद्या चारले भिलाईचे लोक तुले पाहाले येऊन राहिले. मी म्हणलं, कोणाले विचारून?

"तुलेच विचारलं! सोमवारी. तू म्हणाली हव."

सोमवारी मी त्या नागपूरवाल्याले टाइप करून राहिली होती! म्हणलं, "आई, ते हव म्हणजे मी आयकून राहिली होती! लग्नाचं असं विचारते का कोणी? एकदा पक्कं विचारावं ना माणसानं!"

बोलली अन् जीभ चावली. पिंट्या सोफ्यावर लोळून हसून राहिला. मेला.

मग शुभदाले मेसेज टाकला. "काटा अजून लाल रेघेवरच आहे. यमुना वॉल्व्हपाशी उभी. खोलते का? पक्कं विचारून राहिली. उद्या सहाले, भिलाईवाले गेले की." माफी नाही मागितली. फासा फासाच असतो.

रवि. ११
भिलाईवाले आले, आलुगुंडे खाऊन गेले. पोट्टा बरा होता. मी त्याच्या एकाही प्रश्नाले हव म्हणलं नाही, मान पण हलवली नाही. आई फुगली आहे.

शुभदाचं उत्तर दुपारीच आलं होतं. एकच शब्द. "हव."

आता हे कोणतं समजू? परत विचारलं तं आणखी चिडन. नाही विचारलं तं माझं डोकं फुटन.

नकाशा पसरला. तीन खुर्च्या मांडल्या. सहा वाजून गेले. पिंट्या दारातून विचारते, "दीदी, वो आएगी क्या?"

"हव," मी म्हणलं.