फोन आधी कुणी ठेवायचा

प्रिय खारुताई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. आधी तुझं खरं नाव लिहून सुरुवात केली होती, पण चार ओळींतच ते पत्र ऑफिसातून निघालेल्या नोटिशीसारखं दिसायला लागलं. फाडून टाकलं. तुझ्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात बिस्किटांचे पुडे, सेफ्टी पिना, डोकेदुखीच्या गोळ्या असा अख्ख्या संस्थेचा साठा असायचा, त्यावरून हे नाव मीच ठेवलेलं. बदल्यात तू मला मुकादम म्हणायला लागलीस. तेव्हा मला त्याची मोठी गंमत वाटायची.

परवा औषधांच्या दुकानात तुझी ताई भेटली. मला बघून तिने आधी पाठ फिरवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत आली. म्हणाली, तू हल्ली फोन वाजला तरी उचलत नाहीस. त्या दुसऱ्या संस्थेने नाही म्हटल्यापासून कुठे अर्जही करत नाहीस. "माझ्यातच काहीतरी कमी आहे असं धरून बसलीय ती," एवढं बोलून तिने पिशवी उचलली आणि चालू लागली. मी काउंटरपाशी उभीच राहिले. कशासाठी आले होते, तेच आठवेना.

आपण दोघी एकाच आठवड्यात इथे स्वयंसेवक म्हणून आलो होतो. काम ऐकायला किती सोपं! ज्यांच्या घरातलं माणूस हरवलंय, त्यांना दर आठवड्याला फोन करायचा, बातमी असो वा नसो. ती बहुतेक नसायचीच. अजून काही कळलं नाही, पण आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही, एवढंच सांगायचं. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला तो एक नियम: फोन आपण आधी ठेवायचा नाही, घरच्यांनी ठेवला की मगच. पहिल्याच दिवशी तुझ्या वाट्याला ते आजोबा आले. बायको बरण्यांची झाकणं कधी नीट लावायची नाही, या एका विषयावर ते पाऊण तास बोलले. तू उठलीस तेव्हा तुझा कान टोमॅटोसारखा लाल झाला होता. मी पोट धरून हसले होते. तूही हसलीस, आणि मग म्हणालीस, आता ते रोज सगळी झाकणं स्वतः घट्ट लावतात आणि मग एक मुद्दाम सैल करून ठेवतात.

पुढे मी प्रमुख झाले, तू पगारी कार्यकर्ती. प्रत्येकीकडे जास्तीत जास्त बारा घरं, हे मीच ठरवलं होतं. तुझ्याकडे एकतीस होती. एखादी नवी मुलगी डोळे पुसत माझ्याकडे आली की तिचं अवघड घर मी तुझ्याकडे सरकवायचे. "खारुताई बघेल." खारुताई बघायचीच. तू निभावून न्यायचीस म्हणून मी आणखी टाकायचे, आणि वर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुझं तोंडभर कौतुक करायचे. कौतुक केलं की माझं काम झालं, असं मला वाटायचं. लाज वाटते गं आता.

समुपदेशक बाईंचं तर तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने कधी सांगितलं नाही. आपल्यासाठी म्हणून त्या दर गुरुवारी दुपारी यायला तयार झाल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाल्या, ज्यांना भेटायचंय त्यांच्या नावांचा कागद बाहेर लावू नका, प्रत्येकाला वेळच ठरवून द्या. मी म्हटलं, आमच्याकडे लपवाछपवी नसते. आणि कागद लावला कुठे, तर माझ्या केबिनच्या दाराशेजारी! तीन आठवडे कोरा. चौथ्या आठवड्यात तू पेन्सिलीने नाव लिहिलंस, आणि मी नेमकी दारातून बाहेर आले. "अगं, तूसुद्धा? मग आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" मी थट्टा केली होती, देवाशप्पथ. तू हसलीस आणि नाव खोडून टाकलंस. महिन्याने मी बाईंना कळवलं की आमच्या लोकांना गरज दिसत नाही. माझ्या सहीनिशी.

मग तो मंगळवार. अकराच्या ठोक्याला तू त्या आईंना फोन लावलास, ज्यांची मुलगी अकरा वर्षांपूर्वी शाळेतून परतलीच नाही. वीस मिनिटं ऐकलंस आणि त्यांचं वाक्य अर्धं असतानाच रिसीव्हर ठेवलास. मग चहाच्या खोलीत जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिलीस. त्या आईंचा मला लगेच फोन आला. तुला वाटलं त्यांनी तक्रार केली. नाही गं. त्यांनी विचारलं, "आमच्या बाईंना बरं नाहीये का? आवाज गेले दोन महिने उतरलाय त्यांचा." स्वतःची मुलगी हरवलेल्या बाईला फोनवरून जे कळलं, ते चार हातांवर बसून मला कळलं नव्हतं. आणि त्यांचा हा निरोप तुला द्यायचा सोडून मी काय केलं? दुसऱ्या दिवशी चौदा जणांसमोर तुला भिंतीवरचा नियम मोठ्याने वाचायला लावला. तू वाचलास. शेवटच्या शब्दापर्यंत वाचलास. त्यानंतर तू आली नाहीस.

आता समुपदेशक बाई पुन्हा येतात. कागद नाही, सगळ्यांच्या वेळा ठरलेल्या, माझीसुद्धा. कुणाकडेही बाराच्या वर घरं नाहीत. हे मोठेपणासाठी सांगत नाही. तुझी एकतीस घरं वाटून द्यायला तीन माणसं लागली, तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं.

पण यासाठी मी लिहायला बसले नाही. तुझी मुलाखत झाल्यावर त्या दुसऱ्या संस्थेच्या बाईंचा मला फोन आला होता. तू त्यांना फार आवडली होतीस. जवळजवळ ठरलंच होतं. त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडचं काम त्यांनी का सोडलं? मी म्हणाले, "बाई सोन्यासारखी आहे हो, पण ताण झेपत नाही तिला." एकतीस घरांचं सांगितलं असतं तर ती दिली कुणी, हा प्रश्न आला असता. तो चुकवायला मी तुझा बळी दिला, आणि वर गोड आवाजात. काल त्यांना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ती जागा महिन्यापूर्वीच भरली. म्हणजे नोकरी मी तुला परत देऊ शकत नाही. पण एवढं तरी तुला माझ्याच हातून कळायला हवं: तुझ्यात काही कमी आहे म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही. मी खोटं बोलले म्हणून म्हटलं. हे पत्र ताईलाही वाचायला दे.

तुझीच, तू म्हणू देशील तोवर,
मुकादम